दीड आटा

सकाळी मामा लॅबमध्ये पोचले तेव्हा जावई नवा टॅबलेट मांडीवर घेऊन बसला होता आणि टॅबलेटचा पडदा पार निळा पडला होता. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी आणि खाली एक रिकामी चौकट.

"मामा, हा किल्ली मागतोय," जावई म्हणाला. "अठ्ठेचाळीस आकड्यांची."

"कुणाकडे?"

"आपल्याकडेच की."

"मग द्या ना, जावईबापू. आणलाय तुम्हीच, वापरता तुम्हीच. किल्ली काय माझ्या खिशात असणार?"

मामा हे हसत हसत बोलले खरे, पण पिशवी खुंटीला अडकवताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ती तशी रोजच चुकचुकायची. मामा कवळ्या बनवायचे. उभा जन्म लोकांच्या तोंडात बघण्यात गेला की माणसाचा माणसावर फार विश्वास राहत नाही. कवळी झोपताना काढून ठेवता ना, असं विचारलं की झाडून सगळे हो म्हणतात, आणि हिरड्या बघितल्या की कळतं, कोण किती खरं बोलतंय ते. जावई त्यांना मामा म्हणायचा, ते ऐकून गिऱ्हाईकंही मामा म्हणू लागली, आणि आता तर त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही बिनदिक्कत मामा म्हणत.

लॅब दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत उंच खुर्ची, हातआरसा आणि भिंतीला लागून बाक. मागच्या खोलीत पॉलिशची मोटर, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा डुगडुगता दिवा, आणि खिडकीखालच्या टेबलावर ते पितळी यंत्र, ज्याला सगळे नुसतं 'जबडा' म्हणत. वरचा साचा वर, खालचा खाली, मागे बिजागरी. पुढच्या बाजूला एक उभा स्क्रू. तोंड मिटल्यावर दात कुठे टेकायचे हे तो स्क्रू ठरवतो. तो जरा इकडचा तिकडे झाला, की कवळी दिसायला सुंदर होते आणि तोंडात बसत नाही.

या स्क्रूचं मामांचं एक गुपित होतं. रोज संध्याकाळी निघताना ते तो दीड आटा, म्हणजे दीड फेरा, वर फिरवून ठेवत आणि सकाळी आल्यावर दीड आटा खाली घेत. आपल्या माघारी कुणी जबड्याला हात लावलाच, तर त्याची कवळी बिघडावी आणि चोरी उघडी पडावी, एवढाच हेतू. जावई लॅबमध्ये आल्यापासून त्यांनी यात एक दिवस खंड पडू दिला नव्हता. आणि रोज सकाळी स्क्रू जिथे ठेवला तिथेच सापडायचा. यावर दुसरा कुणी निर्धास्त झाला असता. मामांना वाटायचं, पठ्ठ्या फारच सांभाळून आहे.

जावई वाईट नव्हता. हात हलका होता, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, लेकीला सुखात ठेवलं होतं. पण त्याच्या डोक्यात सतत काहीतरी नवं घोळत असे. पूर्वी मागच्या खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे. कुणाची कवळी फुटली की फळीवरून त्याचा जबडा उतरवायचा आणि नवी करायची. जावयाने ते सगळे एकेक करून स्कॅनरखाली धरले, त्यांची चित्रं टॅबलेटमध्ये भरली, आणि त्यावरून नवा साचा छापून देणारं एक यंत्र आणलं. मग प्लास्टर पोत्यांत भरून कुठल्याशा खड्ड्यात भरावाला गेलं. मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. जावई म्हणत होता, एक जादा प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवू. तेव्हा मात्र मामा ठाम नाही म्हणाले. एकाच्या दोन झाल्या की दोनाच्या दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग लोकांची तोंडं गावभर फिरतील. त्यामुळे प्रत एकच होती, आणि ती या निळ्या पडद्याच्या मागे होती.

"ही किल्लीची भानगड आली कुठून? काल तर चांगला चालत होता," मामा म्हणाले.

"आतली सगळी माहिती कुलपात असते, मामा. एरवी आपोआप उघडते, आपल्याला कळतही नाही. पण आपल्याशी कुणी छेडछाड केली अशी शंका याला आली, की हा अडून बसतो. किल्ली दिल्याशिवाय कुणालाच आत सोडत नाही. मालकालासुद्धा."

मामांना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला. आणि लगेच त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. कारण छेडछाड त्यांनी केली होती.

त्याचं असं झालं होतं. आठवड्यापूर्वी कवळ्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या मोठ्या लॅबचा माणूस कोपऱ्यावर जावयाला गाठून बोलताना मामांनी खिडकीतून पाहिला. चकचकीत बूट, हातात फाइल. जाताना त्याने एक कार्ड दिलं, जावयाने ते शर्टाच्या खिशात घातलं आणि आत येऊन त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बस, मामांना तेवढं पुरलं. त्यांनी मनाशी जुळणी केली: आधी प्लास्टर घालवलं, मग सगळी तोंडं एका पाटीएवढ्या वस्तूत भरली, आता ती पाटी काखोटीला मारून हा मोठ्या लॅबमध्ये जाणार, आणि आपण रिकाम्या फळ्यांकडे बघत बसणार. लेकीला काय सांगायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मामांना कुठल्याही वस्तूबरोबर आलेली माहितीपुस्तिका मुळापासून वाचायची सवय. टॅबलेटचीही वाचली होती. आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं आणि मग टॅबलेट चालू केला, की एक वेगळंच पान उघडतं. तिथे 'सिक्युअर बूट' नावाचा, यंत्राशी छेडछाड झाली का ते सुरू होतानाच तपासणारा खटका असतो. तो चालूच ठेवावा, असं जाड अक्षरात छापलं होतं. मामांना त्या खटक्यात टॅबलेटचा स्क्रू दिसला. काल संध्याकाळी जावई गेल्यावर त्यांनी आधी जबड्याचा स्क्रू दीड आटा फिरवला आणि मग टॅबलेटचा खटका बंद करून ठेवला. सकाळी लवकर येऊन चालू करायचा, एवढंच. पण जावई त्यांच्याही आधी आला.

आता ते स्वतःची समजूत घालत होते. खटका आपण बंद केला हे खरं. पण खटका तो केवढासा, आणि मागणी अठ्ठेचाळीस आकड्यांची. एवढ्याशा गोष्टीने एवढं मोठं दुखणं होईल? शक्यच नाही. जावयानेच आपल्याआधी येऊन काहीतरी करून ठेवलं असणार, आणि आता साळसूदपणे आपल्यालाच विचारतोय. तोंडं आत अडकली म्हणायचं आणि उद्या कंपनीत जाऊन उघडायची.

टॅबलेट घटकाभर हाती आला असता तर मामांनी खटका गुपचूप चालू करून बघितलाही असता. पण जावई तो मांडीवरून सोडायला तयार नव्हता. त्याने कीबोर्ड काढून बघितला, स्कॅनरची वायर काढून बघितली, बंद करून चालू केला. दर वेळी तेच निळं पान. मामा त्याच्या खांद्यावरून बघत राहिले. एवढं घट्ट धरून ठेवण्यासारखं त्यात आहे तरी काय, असा नवा किडा डोक्यात वळवळायला लागला.

तेवढ्यात ट्रंपेटवाले आले. हे वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवायचे, मामांचं जुनं गिऱ्हाईक. तोंडावर रुमाल धरूनच बाकावर बसले. आदल्या दिवशी बसच्या पायरीवर त्यांना शिंक आली होती आणि कवळी थेट चाकाखाली गेली होती.

"उद्या शंध्याकाळी कायक्कम आहे, मामा," ते रुमालाआडून म्हणाले.

"होईल, होईल," मामा म्हणाले.

"तेच दात हवेत. दुशऱ्या दातांवर ओठ बशत नाहीत."

हे मामांना सांगायची गरज नव्हती. त्या माणसाची कवळी जमायला कित्येक महिने लागले होते. जेवायला चालणारे दात कुणीही करून देईल. फुंकायला चालणारे दात म्हणजे समोरच्या दोन दातांची कड अशी की ओठ नेमका त्यावर टेकावा, कणभर पुढे नाही, कणभर मागे नाही. त्या काळात ट्रंपेटवाले याच बाकावर बसून वाजवायचे, मामा कानस फिरवायचे, पुन्हा वाजवायचे. शेजारपाजारचे कावले होते. आणि शेवटी जमलेली ती ठेवण प्लास्टरमध्ये होती, प्लास्टर खड्ड्यात होतं, आणि बाकीचं या निळ्या पडद्याआड. 

जावयाने बायकोला फोन लावला. किल्ली तिच्या खात्यात कुठे जपून ठेवली गेली आहे का, ते बघायला सांगितलं. मामांची लेक शाळेत शिकवायची, मधल्या सुट्टीत होती. तिने बघितलं. नव्हती.

"बाबा आहेत का तिथे?" फोनमधून तिचा आवाज आला. "बाबा, तुम्ही नाही ना काही फिरवलंत?"

"मी काय फिरवणार?"

"आई माहेरी गेली की मी वापरू नये म्हणून तुम्ही मिक्सरचा फ्यूज काढून ठेवायचात. म्हणून विचारलं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," मामा म्हणाले. बाकावरचे ट्रंपेटवाले रुमालात हसले, ते मामांना आवडलं नाही.

मग जावयाने टॅबलेटच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. ट्रंपेटवाल्यांनी नापसंतीने मान हलवली. शेवटी एक बाई बोलायला आल्या. आवाज थकलेला होता, पण स्वच्छ.

"टॅबलेट पहिल्यांदा ज्याच्या खात्याने उघडला असेल, किल्ली त्याच्या खात्यात जाते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कुणी उघडला होता?"

"दुकानातल्या माणसाने चालू करून दिला होता. मी सकाळीच विचारलं. त्याने दुकानाचं दाखवायचं खातं वापरलं होतं, ते केव्हाच बंद झालं."

"मग किल्ली मिळणार नाही. बरं, यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये कुणी काही बदललं आहे का? कधी कधी तेवढ्यानेही असं होतं. तसं असेल तर पूर्ववत केलं की किल्लीशिवायच उघडतो."

जावयाने मान वर करून मामांकडे पाहिलं. चिडून नाही, नुसतं पाहिलं.

खोलीत तेव्हा पॉलिशची मोटरसुद्धा चालू नव्हती. मामांचं एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता, का? आणि त्या 'का'चं उत्तर जावयाच्या तोंडावर, गिऱ्हाइकासमोर, त्या परक्या बाईंच्या कानावर घालायचं म्हणजे मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"मी कशाला हात लावतोय त्याला," मामा म्हणाले.

"नक्की, मामा?"

"नक्की म्हणजे काय? नक्की."

"नाही म्हणतायत," जावयाने फोनमध्ये सांगितलं.

"मग एकच मार्ग," बाई म्हणाल्या. "सगळं पुसून नव्याने सुरू करायचं. आतलं काही राहणार नाही. ते कुणालाच परत आणता येत नाही, आम्हालाही नाही."

फोन बंद झाला.  जावयाने एक पान उघडलं, मग दुसरं. तिसऱ्या पानावर लाल अक्षरं होती. "सगळं पुसायचं का, विचारतोय," तो म्हणाला. "मामा, आपण नव्याने ठसे घेऊ. जे येतील त्यांचे. ट्रंपेटवाले, तुमचं मात्र आता अवघड आहे."

ट्रंपेटवाल्यांनी रुमाल खाली घेतला. बोळक्या तोंडाने ते एकदम वाकलेले, थकलेले दिसत होते. ते मामांकडे बघत होते, जावयाकडे नाही. त्यांच्या हिशेबी दात मामांनी दिले होते आणि मामाच पुन्हा देणार होते.

जावयाचं बोट पडद्यावर गेलं.

"थांबा," मामा म्हणाले. "जरा इकडे द्या बघू."

जावयाने टॅबलेट दिला. मामांनी तो बंद केला, आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं आणि चालू केला. ते वेगळं पान उघडलं. बोटाला घाम होता म्हणून खटका पहिल्यांदा सरकला नाही. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा सरकवला. टॅबलेट आपला आपण बंद झाला, पुन्हा उजळला, निळं काहीच आलं नाही, आणि रोजचं पान समोर आलं. त्यावर ओळीने सगळे जबडे होते.

मामांनी मान वर केली नाही. ट्रंपेटवाल्यांना यातलं काही कळलं नव्हतं, ते आनंदाने टाळ्या वाजवत होते.

"म्हणजे इथेही दीड आटा," जावई म्हणाला.

मामांनी झटकन मान वर केली. "काय?"

जावई उठला, खिडकीखालच्या टेबलाशी गेला आणि जबड्याचा स्क्रू दीड आटा खाली घेतला. न बघता, सराईतपणे. मग पुन्हा दीड आटा वर नेला, होता तिथे. "सकाळी तुम्ही येईपर्यंत मी आदल्या दिवशीच्या दोन-तीन कवळ्यांचे दात जबड्यावर तपासून घेतो, मामा. पहिल्या महिन्यात एक कवळी वाया गेली, तेव्हा कळलं. तेव्हापासून आल्यावर खाली घेतो आणि तुमची पावलं वाजली की वर करतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत. मी कसा बोलणार?"

मामा बाकावर बसले. लाज वाटली, ती वाटलीच, आणि लाजेबरोबर रागही आला, की इतके दिवस हा आपल्याला बनवत होता. मग तिसरंच काहीतरी मनात आलं. आता पुसतो म्हणून याने बोट नेलं, ते खरोखर दाबणार होता, की आपलं तोंड उघडावं म्हणून नुसता आव आणला? हे विचारायची सोय नव्हती. विचारलं ते दुसरंच.

"त्या चकचकीत बूटवाल्याने कार्ड दिलं होतं तुम्हाला."

"हो. बोलावलंय त्यांनी."

"मग?"

"अजून काही सांगितलं नाही त्यांना." जावयाने टॅबलेट उचलला. "आज सकाळपर्यंत नाहीच म्हणणार होतो. आता विचार करतो."

 छपाईचं यंत्र दिवसभर घरघरत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत ट्रंपेटवाल्यांचा साचा हातात आला, दातांच्या ठेवणीसकट, हुबेहूब. उद्या सकाळी त्यावर मेणात दात लावून तोंडात बसवून बघायचे, दुपारी पक्के करायचे, असं ठरलं. जावई निघताना "येतो, मामा" म्हणायचा, तसा आजही म्हणाला. पण उद्या येतो असं काही म्हणाला नाही, हे मामांनी टिपलं.

दिवे मालवण्याआधी त्यांनी साचा जबड्यावर चढवला आणि स्क्रू दीड आटा खाली घेऊन नीट लावला. मग सवयीने हात पुन्हा स्क्रूवर गेला, वर फिरवायला. बोटं तिथेच थांबली. इतक्या वर्षांची खोड, बोटांना ती मोडवेना. मामांनी हात मागे घेतला, खिशात घातला, आणि स्क्रू होता तसा ठेवून बाहेर पडले. रस्त्याने जाताना त्यांना सारखं दार उघडं टाकून आल्यासारखं वाटत होतं.

सकाळी ते पोचले तेव्हा लॅब उघडी होती. आत मेणाचा वास होता. जावई आला होता. दात लावून तयार होते आणि ट्रंपेटवाले उंच खुर्चीत बसून वाटच बघत होते. मामांनी हात धुतले, मेणातली कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाले, "मिटा."

त्यांनी मिटलं. दात दातांना टेकेपर्यंत हनुवटी नको तेवढी वर आली, ओठ आत दुमडले, आणि दात असूनही माणूस बोळका दिसायला लागला. आरशात बघून ट्रंपेटवाल्यांनी घाबऱ्या डोळ्यांनी मामांकडे पाहिलं.

मामांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. केलंच याने. जाता जाता सूड उगवून चालला. त्यांनी कवळी काढली, तावातावाने मागच्या खोलीत गेले आणि जबड्यासमोर उभे राहिले. स्क्रू त्यांनी ठेवला होता तिथून खाली गेला होता. बरोबर दीड आटा.

जावईही मागोमाग आला. त्याने स्क्रूकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही काल फिरवला नव्हता?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, कालचं सगळं झाल्यावर तर तुम्ही नक्कीच फिरवला असणार. म्हणून आल्याबरोबर खाली घेतला."

  आयुष्यात पहिल्यांदा मामांनी कुणावर विश्वास टाकला होता आणि समोरच्याचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आणि त्यात समोरच्याची काडीची चूक नव्हती. मामा उगाच टेबलावरच्या वस्तू सरळ करायला लागले. स्पिरिटचा दिवा आज डुगडुगत नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. दिव्याच्या आखूड पायाखाली एक जाड कार्ड चार घड्या करून सरकवलेलं होतं. वरच्या घडीवर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं दिसत होती, त्यांवर मेणाचा थेंब पडला होता.

मामांनी ते तसंच राहू दिलं.

"मेण मऊ करून दात पुन्हा बसवतो," जावई म्हणाला. "दुपारपर्यंत होईल. तुम्ही तेवढा स्क्रू लावून देता का?"

"तुम्हीच लावा," मामा म्हणाले. "तुम्हाला माहितीये."

ते पुढच्या खोलीत आले. बाकावर एरवी ते मागचं दार दिसेल अशा टोकाला बसत. आज दुसऱ्या टोकाला बसले, दाराकडे पाठ करून. आत स्क्रूच्या आट्यांचा बारीक आवाज झाला. किती फिरला ते मोजायचं नाही असं ठरवूनही त्यांचे कान मोजत होते.

"झालं?" ट्रंपेटवाल्यांनी रुमालाआडून विचारलं.

"करतायत ते," मामा म्हणाले, आणि वळून बघितलं नाही.